अम्म हिलालची घासलेली नाणी

अम्म हिलाल आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले. कैरोच्या आबदीन भागात आमच्या इमारतीच्या तळाशी त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, दोन जड इस्त्र्या आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. राहायला ते त्याच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत, बायको उम्म सफाबरोबर. वय सत्तरीच्या पुढे. 'अम्म' म्हणजे काका. गल्लीतले लहानथोर त्यांना अम्मच म्हणतात, मीही म्हणतो, आणि आता म्हणताना जीभ अडखळते.

त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या कपड्याच्या खिशात जे सापडेल ते, मग बसचं तिकीट असो, औषधाची गोळी असो की नोट असो, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं, पुडी टाचणीने त्याच खिशावर लावायची आणि कपडा देताना एवढंच म्हणायचं, "खिशात राहिलं होतं." तीस वर्षांत माझ्या खिशातला एक पियास्टरही त्यांच्याकडे राहिला नाही.

माझा धंदा जुन्या नाण्यांचा. डायना सिनेमाशेजारच्या गल्लीत शनिवारी बाजार भरतो, तिथे वडिलांच्या वेळेपासून आमचं टेबल लागतं. गल्लीत मला 'उस्ताद वगदी' म्हणतात. चार पुस्तकं चाळली आणि डोळ्याला भिंग लावलं की माणसाला फुकटचा मान मिळतो.

इस्रायलशी झालेल्या त्र्याहत्तरच्या लढाईत अम्म हिलाल सुएझ कालव्यावर पाण्याचा पाइप धरून होते. पलीकडचा वाळूचा बांध पाण्याच्या माऱ्याने फोडायचा होता, त्या पंपांपैकी एकावर. लढाईबद्दल कुणी विचारलं तर सांगायचे, "रात्रभर भिजलो आणि सकाळी चहा मिळाला नाही." बस्स, एवढीच लढाई. पण दर सहा ऑक्टोबरला, लढाई सुरू झाली त्या तारखेला, खळ घातलेला पांढरा शर्ट घालून ते माझ्याकडे यायचे आणि लढाईच्या आठवणीसाठी सरकारने काढलेलं चांदीचं एक नाणं विकत घ्यायचे. त्यावर सैनिक, झेंडा, पूल, तोफा. मखमली डबी, सोबत कागद.

या नाण्यांचं पुढे काय होतं ते आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. निघतात तेव्हा भाव सगळ्यात चढा. ज्याने घेतलं तो जपून ठेवतो, ज्याला हवं होतं त्याने घेतलेलंच असतं, मग दुसऱ्याकडून घेणार कोण? वर्षा-दोन वर्षांत भाव चांदीच्या वजनावर येऊन बसतो. फक्त थोडकीच काढलेली एखाददुसरी खेप असते, तिच्यासाठी शौकीन माणूस चांदीच्या चौपट-पाचपट मोजतो. तेही डबी, कागद आणि मूळची झळाळी शाबूत असेल तर. नाण्याला कुणी नुसतं फडकं फिरवलं असेल तरी तो हात मागे घेतो.

हे सगळं माहीत असून मी पहिल्याच वर्षी त्यांना म्हणालो, "अम्म हिलाल, ठेवून द्या. ही चीज वाढतच जाणार."

त्यांनी माझा शब्द घरी नेला आणि त्यावर बेत बांधला. उम्म सफाचे गुडघे गेलेले, गच्चीपर्यंतचे पाच मजले ती पायऱ्यांवर बसत बसत चढते. तिला एकदा उमऱ्याच्या यात्रेला मक्केला पाठवायचं. दर वर्षी एक नाणं, आणि पुरेशी झाली की विकायची. "मी नंतरही जाईन," ते म्हणायचे, "तिचे पाय काही वाट बघणार नाहीत."

दुसऱ्या ऑक्टोबरला आले ते पहिलं नाणं खिशात घेऊन. "बघा, कसं ठेवलंय."

नाणं आरशासारखं चकाकत होतं. दर गुरुवारी टूथपेस्ट लावून जुन्या गलाबिया झग्याच्या मऊ तुकड्याने घासत होते म्हणे. आयुष्यभर लोकांच्या शर्टावरची सुरकुती ज्यांना सोसवली नाही, ते स्वतःची चांदी काळी कशी पडू देतील? मी भिंगातून पाहिलं. सगळ्या अंगावर केसासारखे ओरखडे, आणि सैनिकाचं नाक सपाट.

घासू नका, हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण पहिलं नाणं वाया गेलं असं ऐकल्यावर दुसरं कोण घेईल? मी म्हणालो, "माशाल्ला, काय चमकतंय." आणि दुसरं विकलं.

हे मी अकरा वर्षं केलं. मधे एकदा तर देवाने संधी हातात आणून दिली होती. राजाच्या काळातलं, काळसर पडलेलं एक चांगलं नाणं माझ्या कोटाच्या खिशात राहून गेलं. कोट परत आला तेव्हा खिशावर पुडी. अम्म हिलाल म्हणाले, "फार काळं झालं होतं. घासून देणार होतो, पण म्हटलं दुसऱ्याची चीज, हात कसा लावू?"

नाणं वाचलं म्हणून मला हायसं वाटलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ऑक्टोबर आठवड्यावर आला होता. मी त्यांना फक्त चहा पाजला.

यंदा रमजानच्या आधी ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बाजारात आले. उम्म सफाला आता पायऱ्या चढून आल्यावर तासभर बोलता येत नव्हतं. "झाली अकरा," ते म्हणाले. "उस्ताद, आज विकून टाकू." माझ्या टेबलाशी तेव्हा तांता गावाहून येणारे डॉक्टर अदहम उभे होते. दातांचे डॉक्टर, फक्त लष्करी नाणी जमवणारे. अम्म हिलालना वाटलं नशीबच उघडलं. मला पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि दोन डब्या बाजूला काढल्या. "ही दोन मी चार वर्षं शोधतोय. फार थोडी निघाली होती." अम्म हिलालनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग डॉक्टरांनी पहिलं नाणं कडेने धरून भिंगाखाली घेतलं, आणि लगेच दुसरं.

"हाजी, हे कशानं घासलंत?" मक्का पाहिली नसली तरी वयस्कर माणसाला आमच्याकडे मानाने हाजीच म्हणतात.

"टूथपेस्टनं. चांगली घेतो, स्वस्तातली नाही."

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हता, सवयीने हसले. "अक्षरांत अजून पांढरी बसलीय बघा. हाजी, मी ती दातांसाठी सांगतो. हिच्यानं नाणं मरतं. तशीच डबीत राहिली असती ना, तर या दोन्हींचे मी तुम्ही म्हणाल ते दिले असते."

"आणि आता?"

"आता वजनाची चांदी." त्यांनी दोन्ही डब्या हळूच परत ठेवल्या आणि सलाम करून पुढच्या टेबलाकडे गेले.

अम्म हिलालनी दोन्ही डब्या पुन्हा उघडून पाहिल्या. मग म्हणाले, "उस्ताद वगदी, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "बाजाराचं काही सांगता येत नाही अम्म, हल्ली लोकांच्या आवडी..." माझं मलाच ऐकवेना.

"तुम्ही तुमची नाणी कडेनं धरता," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टरनं पण कडेनंच धरलं. माझी तुम्ही मुठीत धरायचात. मला वाटायचं, घरचा माणूस समजतात."

मी घाईघाईने म्हणालो की सगळी मीच घेतो, विकली त्या भावाने, नाहीतर दुप्पट. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मेलेली घेऊन तुम्ही काय करणार?" आणि ते सराफाकडे चालू लागले. तिथे वजनावर जे आलं ते घेतलं. त्यातून उमऱ्याचा निम्मा खर्चही निघत नव्हता, हे मला नंतर गल्लीतूनच कळलं.

चार दिवस मी दुकानासमोरून मान खाली घालून जात होतो. त्यांनी काही म्हटलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण ते नेहमीसारखे "सबाहुल खैर" म्हणून सकाळचा सलाम करायचे. शेवटी मला एक युक्ती सुचली. लाजेतही माझं डोकं युक्त्याच शोधतं. उमऱ्याला जेवढे कमी पडत होते तेवढ्या नोटा काढल्या, विसरून राहिल्यासारख्या दिसाव्यात म्हणून चुरगाळल्या, कोटाच्या आतल्या खिशात कोंबल्या आणि कोट इस्त्रीला टाकला. हातात दिले असते तर घेतले नसते. खिशात सापडले तर कदाचित, एकदाच, मनात येईल की हे आपलेच आहेत.

गुरुवारी कोट आणायला गेलो. तो खिळ्यावर टांगलेला होता आणि खिशावर टाचणीने लावलेली भली मोठी पुडी.

"खिशात राहिलं होतं," अम्म हिलाल म्हणाले.

मी पुडी उघडली. एकेक नोट इस्त्री करून सपाट केलेली, कोपऱ्याला कोपरा लावून रचलेली.

"अम्म, हे तुमचेच..."

"दुसऱ्याची चीज आहे, उस्ताद." ते पुढच्या शर्टावर पाणी शिंपडायला लागले. "कोटाचे वीस पाउंड झाले."

मी वीस पाउंड दिले. दुसरं काय करणार होतो?

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर उम्म सफा पायरीवर बसली होती, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, पुढच्या पायरीसाठी दम गोळा करत. मला वाट द्यायला तिने गुडघे हाताने धरून बाजूला सारले. मी कोट छातीशी धरून भिंतीला घासत वर निघालो. तिला यातलं काहीच माहीत नसावं, कारण ती माझ्याकडे बघून हसली.

"इस्त्री नीट झालीय ना, उस्ताद?" तिने विचारलं. "हल्ली त्यांचा हात थरथरतो."

"छान झालीय," मी म्हणालो, आणि पिशवी वर नेऊन देतो असं म्हणायचंही मला धाडस झालं नाही.