बदलापूर गावातली दुसऱ्या दिवशीची फेरी

हिवाळ्यात तीन दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी बदलापूरला जायचं ठरवलं. ऑफिसात सगळे हसले. पण माझी मावसबहीण सुनीताताई तिथे सरकारी लसीकरणाचं काम करते आणि तिचं काम एकदा जवळून बघायचं होतं.

पुण्याहून पहाटे निघा. खोपोली, कर्जत, नेरळ, वांगणी असा रस्ता घ्या. कर्जतनंतर डावीकडे माथेरानचे डोंगर धुक्यात तरंगत असतात आणि कापणी झालेली भातशेतं इतकी शांत दिसतात, की गाडी आपोआप सावकाश चालते. ताई बदलापूरजवळ चिखलोलीला राहते. पहिल्या दिवशी तिने मला उल्हासनगरला दाल-पकवान खायला नेलं. दोघींचं पोट शंभर रुपयांत भरलं. "तिखट चटणी जपून," गल्ल्यावरचे सिंधी काका म्हणाले. मी जपलं नाही. डोळ्यांत पाणी घेऊनच बाजार फिरले.

दुसऱ्या दुपारी आम्ही बदलापूर गावात गेलो. आसपास गोवराची साथ होती आणि तिथल्या कल्पना नावाच्या एका बाईच्या अकरा महिन्यांच्या बाळाला एकही लस दिलेली नव्हती. कल्पना अंबरनाथला कंपनीत पॅकिंगचं काम करते. ती अजून कामावरून यायची होती. घराच्या ओटीवर तिची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"सुई नको गं बाय," आजी म्हणाल्या. "थोरलीला दिली तवा तापात तिचं डोळं फिरलं. दवाखान्यात पळालो तं आमच्यावरच खेकसले. नंतर तुमच्यातलं कोन फिरकलं इथं?"

मला वाटलं, ताई आता समजावायला लागेल. तिने बॅगसुद्धा उघडली नाही.

"कोणी नाही आलं, आजी. चुकलंच आमचं. त्या दिवशी काय काय झालं, सांगा ना."

आजी बोलत राहिल्या. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं, थोरली नात शाळेतून आली, दप्तर टाकून खेळायलाही गेली. सगळं ऐकून झाल्यावर ताई म्हणाली, "जोराच्या तापात काही मुलांना असा झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक मुलं सावरतात. गोवराचा ताप त्याहून वाईट. डॉक्टर आधी बाळाला तुमच्यासमोर तपासतील. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसू. आणि उद्या सकाळी मी घरी येईन."

"येशील?"

"येईन. आता तसा नियमच केलाय."

हा नियम आणि लसीकरणाची संध्याकाळची वेळ, दोन्हींसाठी ताई कितीतरी बैठकांत भांडली होती. पूर्वी लस सकाळी दहाला मिळायची. "माझा खाडा व्हायचा," कल्पना घरी आल्यावर सांगत होती.

दिवे लागताना सगळे देवळाच्या सभामंडपात गेलो; लसीकरण तिथेच होतं. डॉक्टरांनी तपासलं, होकार दिला. बाळ किंचाळलं, हुंदके देत देत झोपलं. अर्धा तास आजींनी त्याचा इवलासा पाय मुठीत धरून ठेवला होता. उदबत्तीचा धूर दिव्याभोवती रेंगाळत होता आणि मला वाटलं, या गावात वेळ थोडा थांबूनच चालतो.

सकाळी नदीवरचं धुकं गल्लीपर्यंत आलं होतं. त्यातून आम्ही चालत गेलो, तर आजी दारातच उभ्या. बाळाचं अंग जरा कोमट होतं. ताईने ताप मोजला, औषध किती द्यायचं ते दाखवलं, कोरा चहा घेतला.

"आलीस खरी," आजी एवढंच म्हणाल्या.

पुण्यात परतून पंधरा दिवस झाले. लस नाकारणाऱ्यांना मी जेवणाच्या टेबलावर बसून अडाणी म्हटलेलं आहे. ते आठवलं की आता लाज वाटते. तो ओटीवरचा तास मात्र अधूनमधून स्वप्नासारखा डोळ्यांपुढे येतो.

काल ताईचा फोन आला. त्याच गल्लीत एक बाई लसीचं नाव काढताच ताईला दार उघडत नव्हती. आजी आपणहून तिथे गेल्या आणि दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, "तुझं काय झालंय ते आधी हिला सांग. ही ऐकते."

"मग उघडलं दार?" मी विचारलं.

"अर्धं," ताई म्हणाली. "उद्या परत जातेय."