कडेनं ओतणारे दाजी

ओतण्याच्या बाबतीत आमच्या दाजींइतका छळवादी माणूस अख्ख्या नाशकात झाला नसेल. चहा असो, आमटी असो, पाहुण्याला द्यायचं पाणी असो, भांडं तिरकं धरून, कडेकडेनं, जीव मुठीत धरून ओतायचं. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठा वाढणाऱ्याचा हातच धरला. "अहो, कडेनं! उंचावरून काय टाकताय?" वाढपी म्हणाला, "काका, मठ्ठा हाय, ॲसिड नाय." पंगत हसली, दाजी तेवढे गंभीर.

हे खूळ त्यांच्या प्रयोगशाळेतलं. तिथे ते काचेच्या बशीत पेशी वाढवत. पेशी आपल्याभोवती एक बारीक जाळी विणतात. ती पुरती विणून झाली की औषध घालून पेशी फोडायच्या, धुऊन काढायच्या आणि उरलेल्या जाळीवर नव्या पेशी वसवायच्या. नुसत्या काचेपेक्षा त्या तिथे बऱ्या रुजतात. पण धुताना पाणी वरून पडलं, तर दुधावरच्या सायीसारखी जाळी सुटून येते. "विणणारे जाणारच, विणलेलं राहिलं पाहिजे," दाजी समजावत. यावर माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणायची, "मारेकरी ते मारेकरी, वर घरही बळकावता!"

पुढे ताईलाच कॅन्सर झाला. किरणोपचारांनी तिच्या पाठीची कातडी पापुद्र्यासारखी झाली. पाण्याचा थेंब पडला तरी ती कळवळायची. आंघोळीला आईला, मला, नर्सला, कोणालाच ती जवळ येऊ देईना. दाजी मात्र तांब्या खांद्यापाशी धरून पाणी असं सोडायचे, की आल्याचं तिला कळतही नसे. "तुमच्या पेशींचं पुण्य मला मिळालं हो," ती म्हणायची. ज्या खुळाला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्याच्याच आधारानं तिचे शेवटचे महिने सरले.

तरी ती गेलीच. रामकुंडावर गर्दी होती. "कलश पालथा करा, मागं लोक थांबलेत," गुरुजी म्हणाले. दाजी पायरीवर बसले, कलशाचा काठ पाण्याला टेकवला आणि अस्थी थोड्या थोड्या सोडू लागले. गुरुजींनी पुन्हा घाई केली, तशी मी ओरडले, "थांबा की जरा! ते असंच ओततात." आयुष्यात पहिल्यांदा मी दाजींची बाजू घेतली.

परवा त्यांच्याकडे गेले होते. ताईनं शिवलेले पडदे, तिनं ओळीनं मांडलेले डबे, सगळं जिथल्या तिथे. चहा मीच केला आणि दोन बोलणी खावीत म्हणून मुद्दाम उंचावरून ओतला. बशीत सांडला, टेबलावर उडाला. दाजींनी कप पुढे ओढला आणि मुकाट्यानं प्यायला लागले. त्यांचं ते "कडेनं!" ऐकायला मी इतकी आसुसले होते, की मला रडूच आलं.