आईच्या ताटातली तुकडी

मी सातव्या महिन्यात जन्मले, जेमतेम किलोभर. नव्या मुंबईत तेव्हा असल्या पोरांची सोय नव्हती. खाडीपूल ओलांडून मला मुंबईच्या इस्पितळात नेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. "जगली तरी पायांचं काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हा माझी मालवणकडची आई देवीला नवस बोलली: मुलगी कुणाचा हात न धरता तुझ्या पायऱ्या चढेल, त्याच दिवशी मासे खाईन.

नुसतं जगू दे म्हणाली असती तर काय बिघडलं असतं! मी जगले. पण टाचा जमिनीला टेकेनात.

घरात मासे शिजायचेच, बाबांसाठी आणि माझ्यासाठी. कालवण उकळलं की आई माझ्यापुढे चमचा धरायची, "मीठ बघ गं." मी ऐटीत बघायचे. नवसाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते कळलं दिवाळे गावाहून माशांची पाटी घेऊन येणाऱ्या कोळणीमुळे. एकदा दारात बसून ती आईला म्हणाली, "बाय, किती वर्सा तोंड बांधून ऱ्हाशील? पोरीला उचलून ने नि दाव देवीला."

"हात न धरता म्हटलंय मी," आई म्हणाली.

त्या दिवसापासून ताटातला मासा नकोसा झाला. पण मी जेवले नाही की आई घाबरायची, म्हणून तिच्यासमोर मिटक्या मारत खायचे. अपराधी वाटायचं आणि तरी चव लागायची, ह्याचाच जास्त राग यायचा. मग इमारतीच्या जिन्यावर चढायचा सराव करायचे, गुडघे फोडून घ्यायचे.

चौथीत असताना एकदाची देवळापर्यंत चढले. कठडा धरून. कठड्याबद्दल देवीशी काही बोलणं झालेलं नाही, असं बाबांनी वकिलासारखं ठरवून टाकलं. आई मागून येत होती, मला झेलायला दोन्ही हात पसरून. वर पोचल्यावर ती ढसाढसा रडली.

संध्याकाळी बाबांनी पापलेट आणलं. पहिली तुकडी आईला वाढली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिने घास घेतला, कसाबसा गिळला आणि तोंडाला पदर लावला.

"चवच सोसत नाही गं आता," ती म्हणाली. मग हसली, उरलेल्या तुकडीतले काटे काढले आणि ती माझ्या ताटात सरकवली.

मी ती सगळी खाल्ली. तिला बरं वाटावं म्हणून, मिटक्या मारत.