पायाशी मारायचा चेंडू

मामाजी, म्हणजे माझे सासरे, मी ज्या खोलीत असेन तिथे खाकरल्याशिवाय कधी आले नाहीत. म्हणून एका सकाळी ते न खाकरता तडक स्वयंपाकघरात आले आणि "सुषमा, बूट घाल, चाल माह्यासंगं" म्हणाले, तेव्हा माझ्या हातातली कणीक हातातच राहिली. माझे हे, म्हणजे त्यांचा मुलगा, जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून मी घराबाहेर पडले नव्हते.

मोहाडीच्या शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली होती. नागपूरला पुतण्याकडे पिकलबॉल नावाचा नवा खेळ पाहिला आणि दोन बॅटी अन् भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊनच परतले. ओळखीच्या राइस मिलमधलं धान वाळवायचं सिमेंटचं अंगण तेव्हा रिकामं होतं. तिथे त्यांनी फक्कीने रेषा आखल्या आणि बॅडमिंटनची जुनी जाळी कमरेएवढी खाली बांधली.

"सर्व्हिस खालून. टप्पा पडू दे, मंग मार. घाई कायले करून राहिली?" मी जाळीशी धावले की ओरडत, "मांगं हो! जाळीजवळच्या पट्टीत उभं राहून टप्पा न पडलेला, अधरचा चेंडू माराचा नाही!" या आवाजाला म्हणे अख्खी शाळा घाबरायची. मला तो आवडे. बाकी सगळे वर्षभर माझ्याशी दबक्या आवाजातच बोलत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा चेंडू त्यांच्या पायाला लागला. मी बॅट टाकली, जाळीला वळसा घालून धावले आणि वाकून पाया पडले. मामाजींनी कपाळाला हात लावला.

"अवो बाई, हा तुहा पॉइंट झाला! पॉइंट भेटल्यावर कोनी पाया पडते काय?"

मिलमधल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

पण त्यानंतर माझा हात आखडला. पायाशी आलेला चेंडू समोरच्याला उचलता येत नाही, हा या खेळातला पहिला धडा. मामाजी मुद्दाम मागे उभे राहून "पायापाशी मार, मी पाहून राहिलो" म्हणत, आणि मी अलगद त्यांच्या हाताशी देई. ते जिंकत आणि तोंड पाडून घरी येत. एकदा वाटेत म्हणाले, "मी किती दिवस पुरणार तुले? समोरच्याले हरवाले शिक. पयले मले हरव." मी "हो मामाजी" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताशीच दिला.

पुढे मिलवर नवं धान आलं, अंगण भरलं. उन्हाळ्यात पुन्हा खेळू असं ठरलं. थंडीतच मामाजींना लकवा मारला, उजवी बाजू गेली. खाटेवरून अडखळत विचारत, "मारशील ना पायापाशी?" मी मान हलवे. उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

आता आम्ही पाच-सहा बायका त्याच अंगणात खेळतो. मी पायाशी मारते, जिंकते, लोक कौतुक करतात. मामाजींनी आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती, एकदा हरवून दाखव म्हणून. त्यांचा मान राखण्याच्या नादात मी ती दिली नाही.