खालून दुसरी ओळ

कान्ह्याहून आमच्या गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर सैनिकांचं स्मारक आहे. रास्ता रोकोच्या दिवशी आंदोलकांनी त्याला काळं फासलं, तेव्हा मी समोरच्या चिंचेखाली बाकावर बसलो होतो. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कामशेतला निघालो होतो आणि गाड्या बंद होत्या. वीस पावलांवरून मी सगळं पाहिलं. जे पाहिलं ते वर्षभर सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते खोटं होतं.

आधी दगडाविषयी लिहिलं पाहिजे, कारण चूक तिथून सुरू झाली. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि स्मारक समितीचा चिटणीसही. गावातून सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्या सहा जणांची नावं कोरायची होती. संगमरवर तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांनी दिला आणि उद्घाटक म्हणून आपलं नाव वर असावं असा निरोप धाडला. वेगळी कोनशिला बसवता आली असती. मी मात्र कागदावर आखणी केली ती अशी: वर पुढाऱ्यांचं नाव चार बोटं उंचीच्या अक्षरांत, खाली सहा सैनिक, एकेका बोटाच्या अक्षरांत. गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराने तो कागद बघून विचारलं होतं, "गुरुजी, मेलं कोन, वरचं का खालचं?" सगळे हसले. मीही हसलो. कागद तसाच पाथरवटाकडे गेला.

सहांतलं खालून दुसरं नाव माझ्या वर्गमित्राचं. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला तेव्हा त्याचा मुलगा रांगत होता. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, अक्षरओळख नाही. उद्घाटनाच्या दिवशी मीच त्यांना बोटाने दाखवलं, "वहिनी, खालून दुसरी ओळ." तेव्हापासून दर सोमवारी शेतावरून येताना त्या थांबत आणि पदराच्या टोकाने ती ओळ पुसत. बाकीच्या पाच ओळींत धूळ बसलेली असे. ती एक ओळ कायम लख्ख.

मुलगा माझ्याच हाताखाली शिकला. पन्नाशी उलटलेला, शांत, भात आणि दोन म्हशी यांत गुंतलेला माणूस. नव्या रस्त्यात त्याची दोन्ही खाचरं गेली. आखणी बदलून घेतो, असं त्या पुढाऱ्यांच्या नातवाने घरोघर जाऊन सांगितलं होतं. आखणी बदललीही, पण नातवाच्या जमिनीपुरती.

त्या दिवशी फाट्यावर दोनेकशे माणसं होती. दुपारी कोणीतरी ओरडलं की ज्या घराने फसवलं त्यांचं नाव अजून आपल्या डोक्यावर आहे. ट्रॅक्टरमधलं जळकं ऑइल डब्यात आणलं गेलं. डबा आणि ब्रश हातात घेऊन पुढे झाला तो माझ्या मित्राचा मुलगा. त्याने चौथऱ्याखाली चपला काढल्या. वर चढला, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डाव्या हाताने खालच्या नावांवर दाबून धरला. मग उजव्या हाताने वरच्या मोठ्या अक्षरांवर ब्रश फिरवला. ऑइल ओघळायला लागलं तसा तो टॉवेल सरकवत होता, ओघळ टिपत होता. तेवढ्यात मागून कोणीतरी अख्खा दुसरा डबा दगडावर रिकामा केला. कोणाचा तरी दगड लागून कोपरा उडाला. पोलिसांची शिट्टी वाजली, लोक पांगले. तो मात्र खाली वाकून टॉवेलने खालच्या ओळी पुसत राहिला. जळकं ऑइल पुसल्याने जात नाही, पसरतं.

मोबाइलवर जे चित्रण फिरलं ते तिथपासूनचं होतं. पाठमोरा माणूस सैनिकांच्या नावांवर काळा बोळा घासतो आहे, एवढंच त्यात दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कामशेतची बाजारपेठ बंद. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंतची तरुण मुलं झेंडे लावून मोटरसायकलींवर आली. पुढाऱ्यांच्या नातवाने डेअरीतून दुधाचे कॅन आणवले आणि दुग्धाभिषेक केला. दूध वरून ओतलं, म्हणून पहिलं वरचं नाव ओलं झालं. खालच्या तेलावर दुधाचे नुसते मणी धरले आणि घरंगळून गेले. तळेगावहून आलेले एक निवृत्त सुभेदार हे बघत उभे होते. त्यांनी शेजारच्या घरातून रॉकेल मागून आणलं, गुडघ्यावर बसले आणि काडीला कापूस गुंडाळून एकेक अक्षर साफ करायला लागले. त्यांच्याकडे कोणाचा मोबाइल वळला नाही.

मग निषेध सभा. पहिल्या रांगेत वहिनी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. पाठमोरा माणूस कोण हे तोवर बाहेर आलं नव्हतं. मला माहीत होतं. ज्येष्ठ म्हणून माइक माझ्या हातात दिला. टॉवेलाचं सांगावं असं मनात होतं. पण ते सांगितलं की ऑइल कुठे लावलं आणि का, हे निघणार, आणि ते निघालं की वरचं नाव तिथे कोणी बसवलं हेही निघणार. समोर हजारभर माणसं रागाने ताठ बसली होती. मी म्हणालो, "ज्याने हे केलं त्याला बाप नव्हता." खूप टाळ्या पडल्या. वहिनींनीही वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी ओळख पटली आणि पोलिसांनी त्याला वडगावला नेलं. जामिनावर सुटून आला तेव्हा त्याने एकदा पारावर सांगून बघितलं की आपण टॉवेलने नावं झाकली होती. "आता टावेलाची ष्टोरी काढली व्हय रं," एवढंच उत्तर मिळालं. न्हाव्याने त्याची दाढी करायचं नाकारलं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानातला गल्ल्यावरचा माणूससुद्धा मला विचारत होता की तो तुमच्याच गावचा ना. मी मान हलवली.

आठवड्याने वहिनी माझ्याकडे आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत.

"गुरुजी, तुमी तवा चिंचंखाली व्हता म्हनं. टावेलाचं खरं हाय का?"

मी म्हणालो, "वहिनी, चष्मा नव्हता. मला नीट दिसलं नाही."

चष्मा माझ्या नाकावर होता.

त्या घरी गेल्या आणि मुलाला म्हणाल्या की बापाच्या नावावर हात टाकणारा माझा न्हाई. तो म्हशी विकून वराळ्याला खोली घेऊन राहिला, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. त्याची बायको गावातच, वहिनींजवळ राहिली. त्याला गावात कोणी पुन्हा पाहिलं नाही.

वर्षाने नवा दगड बसला, काळ्या ग्रॅनाइटचा. वर नातवाचं नाव. नावांचा क्रम या वेळी हुद्द्याप्रमाणे लावला होता, ते वहिनींना कोणी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी मी चिंचेखाली बसलो होतो. वहिनी आल्या, पदर हातात घेतला, खालून मोजलं आणि दुसरी ओळ पुसायला लागल्या. ते नाव दुसऱ्याच माणसाचं होतं. पहिल्या महायुद्धात गेलेला, ज्याच्या घरातलं आता गावात कोणी नाही असा. त्या एकेका अक्षरात बोट घालून पुसत होत्या.

मला बसवेना. जवळ गेलो. म्हणालो, "वहिनी, ही नव्हे. आता तो वरून तिसरा आहे."

त्यांनी हात थांबवला. "मग ह्ये कुनाचं?"

मी सांगितलं. त्यांनी उरलेली अक्षरंही पुसली, मग वर हात नेला. तो दगडावर असतानाच मी बाकीचं सांगितलं. टॉवेल, चपला, डावा हात, चष्मा. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत.

"ह्ये मला नगा सांगू," त्या म्हणाल्या. "जितं बोलला व्हता तितं बोला."

हजार माणसं पुन्हा जमवणं माझ्या हातात नव्हतं. ग्रामसभेत उभा राहिलो. अकरा माणसं होती, विषय पाणीपट्टीचा चालला होता. मी सगळं सांगितलं, वरच्या नावाच्या आखणीसकट. कोणी रागावलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. एक जण म्हणाला, "गुरुजी, झालं गेलं आता." नंतर मी इतिवृत्त वाचलं. ऐनवेळच्या विषयांत एक ओळ होती: एका ज्येष्ठ नागरिकाने मनोगत व्यक्त केले. म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

वहिनी त्या सभेत दाराशी बसल्या होत्या. सभा संपल्यावर म्हणाल्या, "चला वराळ्याला." रिक्षाने गेलो. तो नुकताच ड्युटीवरून आला होता, अंगात गणवेश होता. आईला बघून दारातून बाजूला झाला. आम्ही बसल्यावर दोन पेले पाणी आणलं, एक आईपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. वहिनींनी त्याला सांगितलं की गुरुजींनी बघितलं होतं.

तो मला म्हणाला, "टावेल तुमाला दिसला व्हता?"

"हो."

"आई म्हनली व्हती, गुरुजींना न्हाई दिसला." तो खाली बघत होता. "तुमी कदी खोटं बोलत न्हाई. मग मलाच वाटाया लागलं, मी टावेल धरलाच नसंल."

वहिनी उठून त्याच्याजवळ गेल्या. त्याने आईला विचारलं, जेवलीस का. माझ्यापुढचा पेला मी हातात घेतला होता. तो तसाच खाली ठेवला आणि जिना उतरलो.