एकोणचाळीस नंबरची स्लाइड

मल्लप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये एकट्यापुरता चहा टाकत होतो. चहा उतू गेला, ओटा पुसला, आणि मग कळलं की आता ही बातमी सांगायला आपल्याला कुणीच नाही... माझ्या लॅबमध्ये तो सत्तावीस वर्षं होता. इतकी वर्षं मी दुसऱ्या कुणाशी बोललोच नव्हतो म्हणा ना.

दुधनीचा गडी. बोन मॅरोची स्लाइड रंगवावी ती त्यानंच. उतारवयात मला एक वेड लागलं होतं. मायलोमा म्हणजे हाडांतल्या मज्जेचा कर्करोग. त्यातल्या पेशींच्या केंद्रकांचे फोटो काढून त्यांची गुंतागुंत कॉम्प्युटरवर मोजायची. फ्लॉवरचा तुरा मोडला तरी हातातला तुकडा पुन्हा छोटा फ्लॉवरच दिसतो, तसल्या रचनेला फ्रॅक्टल म्हणतात; केंद्रकाची गुंतागुंत त्याच मापानं आकड्यात मांडायची. आकडा जितका चढा, तितकं रोग्याचं पुढचं आयुष्य थोडं, असा अंदाज. माझी नजर नावाला भुलू नये म्हणून स्लाइडवर फक्त नंबर असे. नावांची वही मल्लप्पाकडे.

एका दुपारी एकोणचाळीस नंबर लावला. आकडा बघून मी चक्क टाळी वाजवली! "मल्लप्पा, इतका चढा अजून आला नव्हता रे. हा काही वर्ष काढत नाही बघ."

तो मागेच उभा होता. "व्हय सर," म्हणाला, "रंगबी चांगला उतरलाय की." आणि डबा उचलून घरी गेला.

त्याची कंबर दुखत होती हे मला माहीत होतं. तपासणी हॉस्पिटलात झाली, पण स्वतःच्या मज्जेची जास्तीची एक काच त्यानं मागून आणली आणि स्वतः रंगवली, तीच ही एकोणचाळीस, हे चार दिवसांनी कळलं. जीभ हासडून टाकावीशी वाटली. "अरे, हा आकडा घोळक्याला लागू पडतो, एकट्या माणसाला नाही," मी काकुळतीला आलो.

"असू द्या की सर. नाव बगून बोलला असता, तर मोजायचं कशाला?"

उपचार घेत तो चार वर्षं जगला. दर महिन्याला रोग्यांच्या घरी फोन करून वहीत 'हयात' की 'मृत' ते लिहायचं, हे त्याचं काम. घरच्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्याचाच दंडक. स्वतःच्या ओळीपाशी आला की ओरडायचा, "एकोणचाळीस हयात हाय बरं का सर!" मी शिव्या घालायचो. चुकल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता, पण ते त्याला कधी बोललो नाही. का नाही बोललो...

परवा वही घेऊन मीच फोनला बसलो. त्याच्या ओळीपाशी अडलो. माती मी स्वतः दिली होती, तरी नंबर फिरवला. त्याच्या बायकोनं, शांतव्वांनी उचलला. वहीतला त्याचा नंबर त्यांनाही ठाऊक होता.

"एकोणचाळीस..." एवढंच तोंडून निघालं.

त्या हलकेच म्हणाल्या, "ते न्हाईत की वो सर. तुमीच व्हता की तितं."

पेन हातात होतं. रकाना कोराच ठेवला. म्हणालो, "पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतो."

"विचारा की सर," त्या म्हणाल्या.