कापलेलं शेपूट

ताईला सैल काही खपत नसे. समोरच्याच्या बाहीला लोंबणारा दोरा दिसला की बोलणं राहायचं बाजूला, आधी तिची बोटं तिकडे जायची. पडद्यांच्या दोऱ्या, बुटांच्या नाड्या, धाकट्या भावाच्या थापा, सगळं तिला आवळून बांधावंसं वाटे. दोऱ्या आणि नाड्या ताब्यात आल्या. भाऊ मात्र हातातून निसटला तो निसटलाच. शाळा कशीबशी उरकून तो लोकांना मोटार चालवायला शिकवू लागला आणि त्यातच मजेत राहिला.

ताई शिकत गेली, आणि शेवटी अशा कामाला लागली की ते काय आहे हे सांगताना आईच्या तोंडाला फेस यायचा. "ती प्रथिनांचे खडे करते," एवढंच आई शेजारणींना सांगे. प्रथिन म्हटलं की शेजारणींना अंडी आठवत, आणि अंड्यांचे खडे कशाला करायचे हे कुणालाच कळत नसे.

पण आईचं सांगणं चूक नव्हतं. पेशीत तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं असतात, आणि त्यांतली काही नुसती निरोप्याचं काम करतात. बाहेरून 'वाढ' असा निरोप येतो. दाराशी बसलेलं प्रथिन तो आतल्याला देतं, आतलं पुढच्याला. देतं म्हणजे पुढच्याच्या अंगावर फॉस्फेटचा एक बारकासा तुकडा चिकटवतं, की ते जागं होतं. काम झालं की तुकडा काढला जातो आणि सगळं सामसूम होतं. असा निरोप्या दिसतो कसा हे साध्या सूक्ष्मदर्शकातून कळत नाही. त्याचे असंख्य रेणू कवायतीच्या पोरांसारखे ओळीत उभे करावे लागतात, म्हणजे त्यांचा स्फटिक करावा लागतो. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे, पलीकडे उमटलेले ठिपके मोजायचे आणि गणिताने आकार काढायचा.

ओळीत उभं करणं हा तर ताईचा पिंडच. फ्रिजसारख्या थंड खोलीत ती बारा महिने स्वेटर घालून प्रथिन गाळत बसे. गाळलेल्या प्रथिनाचा थेंब काचेच्या झाकणाला उलटा टांगून ठेवी आणि वाट पाही. थेंबात कधीतरी चकाकणारा कण दिसे. मग सुईने टोचून बघायचं. कण कडकन फुटला तर ते मीठ, आणि मऊपणे भुगा झाला तर प्रथिन. ताईच्या नशिबी कित्येक वर्षं मीठच आलं. कँटीनमधली पोरं म्हणत, बाईंना घरी मीठ विकत आणावं लागत नसेल. ताई हे ऐकून न ऐकल्यासारखं करी.

तिच्या वाट्याला आलेला निरोप्या मुलखाचा हट्टी होता. रक्ताच्या एका रोगात तो गप्प बसायचं विसरतो, सारखा 'वाढ, वाढ' सांगत सुटतो, आणि पेशी वाढतच जातात. त्याच्या मधोमध एक खोबण होती. तिच्यातच फॉस्फेट घ्यायचं नि चिकटवायचं काम चाले. बाकी अंग आटोपशीर, पण एका टोकाला लांबलचक शेपूट, ज्याला स्वतःचा आकारच नाही. ते इकडून तिकडे लोंबत राही, आणि एक लोंबतं असलं की सगळी रांग बिघडते. ताईने सगळे उपाय करून पाहिले. शेवटी विभागाच्या सरांनी सांगितलं, शेपूट कापून टाका. या धंद्यात हे कुणीही सांगितलं असतं. लोंबणारं छाटायचं, ही इथली रीतच आहे. ताईला तर ते मनापासून पटलं. तिने जनुकातला तेवढा भाग काढून टाकला, आणि पुढच्याच खेपेला थेंबात कुणी कातून ठेवल्यासारखे सुबक स्फटिक आले. सुई टोचल्यावर त्यांचा मऊ भुगा झाला तेव्हा ताई हसली. तिला कामावर हसताना पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

स्फटिकांवरून काढलेलं निरोप्याचं चित्र छापून आलं. सरांचं नाव झालं, ताईचंही झालं. एका औषध कंपनीने त्या चित्रातली खोबण घेतली आणि तिच्यात चपखल बसेल असं औषध घडवलं. ज्या प्रयोगशाळांना ते प्रथिन हवं होतं त्यांना ताईच ते पाठवी. अर्थात बिनशेपटीचं. बशीत वाढवलेल्या पेशींवर औषधाचा सढळ मारा केला की ते थोडंफार चाले, आणि त्या थोड्यावर सगळे खूश होते. गोष्ट माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेली.

अशात धाकटा आजारी पडला. आधी दम लागायचा, मग अंगावर निळे डाग उठू लागले. तपासणीत निघाला तोच रोग.

आई रडली, आणि लगेच सावरली. घरात देवच बसलाय तर काळजी कसली, असं तिचं म्हणणं. मुलीच्या चित्रावरून झालेलं औषध मुलाला मिळणार, यापरतं आणखी काय हवं? तिने दोनतीन घरी तसं सांगूनही टाकलं. इस्पितळात दोन वाटा होत्या. एक जुनं औषध, अंगाचे हाल करणारं, पण निम्म्याहून जास्त लोकांना लागू पडणारं. दुसरी वाट नव्या औषधाच्या चाचणीची. पण चाचणीत शिरलं की काही महिने जुनं बंद, आणि या रोगात महिने फुकट घालवायचे नसतात. धाकट्याने ताईलाच विचारलं, सही करू का?

ताईला आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. दोन रेणू एकमेकांत नीट बसले की किंचित ऊब सुटते, आणि ती मोजणारं एक यंत्र प्रयोगशाळेत होतं. तिने बिनशेपटीचं प्रथिन घेतलं, त्यात औषध सोडलं. ऊब सुटली, कागदावर उंचवटे उठले. मग, काही सैल राहू नये म्हणून, तिने शेपटासकटचं प्रथिन घेतलं. रेषा सपाट आली.

तिला वाटलं, हात चुकला. पुन्हा केलं. प्रथिन नव्याने गाळून केलं. मग दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर जाऊन केलं. तरीही सपाटच. मग तिला उमगलं. ते शेपूट उगाच लोंबत नव्हतं. तो त्या निरोप्याचा लगाम होता. एरवी ते खोबणीवर आडवं पडून राही, आणि निरोप आला की जेमतेम फट ठेवण्याइतकं सरके. फटीतून कामाचा बारका रेणू आत जाई. औषधाचा थोराड रेणू मात्र दारातच अडे. माणसाच्या रक्तात तर शेपूट कापलेलं नसतं.

सरांना तिने रेषा दाखवल्या. सर वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "एवढ्यावरून आरडाओरडा करायचा नाही. चाचणी असते कशासाठी? औषध चालत नसेल तर कळेलच त्यातून." ताईलाही ते वरकरणी पटलं. त्या चित्रावर तिचंही आयुष्य टांगलेलं होतं.

दुपारी ती वॉर्डात गेली आणि धाकट्याला म्हणाली, सही करू नकोस. कारणही सांगितलं, त्याला समजेल असं. आई स्टुलावर बसून ऐकत होती. वेळ आली तशी शेपूट घातलंस, असं ती पोटच्या पोरीला बोलली, आणि पाणी भरायला म्हणून उठून गेली.

धाकट्याने पांघरुणाची कड सारखी केली.

"म्हणजे ब्रेक काढून गाडीचा फोटो काढलात," तो म्हणाला, "आणि त्या फोटोवरून सगळे गाडी शिकले."

"हो."

"बरं. मी जुनं घेतो." मग त्याने आवाज खाली आणला. शेजारच्या खाटेवर एक रंगारी भिंतीकडे तोंड करून झोपला होता. नखांतला पांढरा रंग अजून गेलेला नव्हता. "त्यालाही तेच विचारलंय. उद्या सही करणार म्हणतो. त्याला बहीण नाही, ताई."

ताईने सरांचं वाक्य त्याला ऐकवलं. चाचणी त्याचसाठी असते, औषध चालत नसेल तर कळेल.

"मग माझ्यावरूनच कळू दे की," धाकटा म्हणाला.

पेच पडला की ती नेहमी जे करी तेच ताईने केलं. ती थंड खोलीत गेली आणि प्रयोग आणखी एकदा केला. दुसरा सगळा दिवस त्यात गेला. रेषा सपाट आली, जशी येणारच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सगळे कागद घेऊन चाचणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सरांना तिने विचारलं नाही, कळवलं. सरांनी फोन ठेवून दिला.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचले. आजपासून नव्या सह्या बंद, त्या म्हणाल्या, बाकीचं समिती ठरवेल. पण जे आधीच आत आलेत त्यांना आजच सांगायला हवं, आणि चित्र तुमचं आहे, तेव्हा तुम्हीच सांगा, मी शेजारी उभी राहते.

रंगारी उशाला टेकून बसला होता. ताईने कधी नव्हे ते तोंडभर बोलून सगळं सांगितलं, शेपूट, खोबण, लगाम. शेवटी त्याने पलीकडच्या खाटेकडे हनुवटी केली.

"भावाला कधी सांगितलंत?"

"परवा."

रंगाऱ्याने मान हलवली. "मी काल सही केली," तो म्हणाला. "रात्रीची गोळी घेतली, आत्ता सकाळचीही."

तो चिडला असता तर ताईला सोपं गेलं असतं. तो चिडला नाही. जुनं औषध आज सुरू करता येईल का, एवढंच त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या. मग त्याने उशाजवळची गोळ्यांची बाटली उचलली आणि ताईच्या हातात दिली. ताईला लाज वाटली, अगदी अंगभर. बाटली कुठे ठेवायची ते तिला सुचेना, म्हणून ती हातात धरूनच बसून राहिली.